खोक्याच्या लाकडाचं व्हायोलिन

अण्णांनी सुरू करून पुरी केलेली एकही वस्तू आमच्या घरात नाही, असं नमूआत्या येईल-जाईल त्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील. बोईसरच्या एका कारखान्यात ते यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होते. सकाळी सायकलवर टांग मारून जायचे आणि संध्याकाळी परत आले की चहाचा कप हातात घेऊनच मागच्या पडवीत शिरायचे. तिथे त्यांचा वेगळा संसार मांडलेला असायचा. अर्ध्याच पट्ट्या बसवलेला बुलबुलतरंग, ज्याच्या भोपळ्यात उंदरांनी बाळंतपणं उरकली होती अशी सतार, आणि एक एकतारी, जी पावसाळ्यात बरी वाजायची आणि उन्हाळ्यात रुसून बसायची. वाद्यं करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःला एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं. पण लाकडाचा तुकडा कानाशी धरायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, हा त्यांचा नाद. बाजारात नारळ निवडतानासुद्धा ते असंच करायचे आणि नारळवाला म्हणायचा, "शेठ, पाणी बघता काय सूर बघता?"

आमचं घर तारापूरच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी आणि चिकूच्या वाडीत. दिवसभर रहाटाचा करकराट, वाऱ्याला झावळ्या घासल्याचा आवाज, आणि दुपारी कोळीवाड्यातून येणारी काशीबाई, "बोंबील हायत गो, ताजे हायत," असं ओरडत. घरात आम्ही चौघंच. अण्णा, आई, मी आणि अण्णांची थोरली बहीण नमूआत्या. आत्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच माहेरी परत आली होती आणि आल्या दिवसापासून घराची सगळी सूत्रं तिच्याकडे. तांदळाची भाकरी तिच्यासारखी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. तव्यावर टाकली की टम्म फुगायची आणि फुगली नाही तर आत्या त्या भाकरीलाच दम द्यायची.

त्या घरात माझ्यावरून एक कायमची लढाई चालू होती, ती माझ्या डाव्या हाताची. मी जन्माची डावखुरी. घास डाव्या हातानं, गजग्यांचा खेळ डाव्या हातानं, चिंचेवर दगडही डाव्याच हातानं, आणि नेम चुकायचा नाही. आत्याला ते बघवायचं नाही. "देवानं उजवा हात काय शोभेला दिलाय?" म्हणायची. तिनं माझ्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला, आठवण राहावी म्हणून. मी तो सोडून डाव्या मनगटाला बांधला आणि तिला म्हटलं, आठवण राहते. आईनं पदर तोंडाला लावला. शाळेतही तेच. गुरुजी माझी पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात कोंबायचे, फळ्याकडे वळायचे, आणि परत वळेपर्यंत पेन्सिल आपल्या घरी गेलेली असायची. शेवटी मी दोन्ही हातांनी लिहायला शिकले. गुरुजींसाठी उजवं अक्षर आणि माझ्यासाठी डावं. उजवं अक्षर अजूनही कोंबडीच्या पायांसारखं आहे, आता तर सहीसुद्धा मी डाव्यानंच करते. अण्णा या लढाईत कुणाच्याच बाजूनं बोलायचे नाहीत. आत्यापुढे बोलण्याची त्यांची टापच नव्हती असं मी समजायचे.

एकदा अणुवीज केंद्राच्या कॉलनीतून निरोप आला. तिथल्या एका साहेबांच्या पत्नीची पेटी बिघडली होती आणि कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं होतं. रविवारी अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि आम्ही गेलो. त्या बाई मद्रासकडच्या. सगळी कॉलनी त्यांना मामी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. गोल चेहरा, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, आणि हिंदी-मराठीची अशी मिसळ की ती ऐकायलाच मला मजा यायची. अण्णा पेटीचा भाता उघडून बसले तेव्हा मामी आतून व्हायोलिन घेऊन आल्या आणि सतरंजीवर मांडी घालून वाजवू लागल्या. त्यांच्याकडच्या पद्धतीनं एक टोक खांद्याशी आणि दुसरं पायाच्या घोट्यावर. मी तोवर व्हायोलिन फक्त लग्नाच्या बँडमध्ये लांबून पाहिलं होतं. इतक्या जवळून तो आवाज आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी माझ्याच नावानं हाक मारतंय. अण्णांनीही पेटीतलं डोकं वर काढलं आणि ते तसंच राहिलं.

"बजाती है?" मामींनी मला विचारलं आणि गज पुढे केला. मी तो घेतला, अर्थात डाव्या हातात. मामींनी हसून तो काढला आणि उजव्या हातात दिला. "ऐसे. सब लोक ऐसाच करतात." मी उजव्या हातानं तारेवर गज ओढला. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज आला. मी गज खाली ठेवला आणि पाय जवळ घेऊन बसले. त्यानंतर त्यांनी दिलेला चकलीसारखा मुरुक्कूही मी खाल्ला नाही, आणि मी खाणं सोडणं ही आमच्या घरात मोठी बातमी होती.

येताना अण्णा खाडीच्या पुलावर आल्यावर म्हणाले, "शोभा, तुला पाहिजे काय तसं?"

"मला नाय वाजवता येणार."

"ते मी नाय विचारलं. पाहिजे काय, ते विचारलं."

मी मान हलवली. दांडीवर बसलेलं पोर मान हलवतं ते मागच्याला दिसतंच असं नाही, पण अण्णांना दिसली असावी, कारण ते शीळ घालू लागले.

पुढच्या रविवारी, घरी आणून दुरुस्त केलेली मामींची पेटी परत द्यायला गेलो तेव्हा अण्णांनी त्यांचं व्हायोलिन मागून घेतलं, वर्तमानपत्राचा मोठा कागद अंथरला आणि पेन्सिलनं त्याची आकृती काढली. जाड तार कुठल्या बाजूला, खुंट्या कुठे, पोटात चिकटवलेली लांब पट्टी कुठल्या तारेखाली, सगळ्याच्या खुणा केल्या. मग सगळी मापं लहान केली, माझ्या हाताच्या बेतानं. मामी गालाला हात लावून बघत होत्या. "अण्णा, ये दुकान में मिलता है," त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "मिळतं हो. पण करायला नाय ना मिळत."

लाकडाची गोष्ट ऐका. कारखान्यात परदेशातून एक यंत्र आलं होतं, पाइनच्या भल्यामोठ्या खोक्यात बसून. यंत्र बघायला साहेब लोक जमले आणि अण्णा खोकं ठोकून बघत राहिले. साहेबांना विचारून त्यांनी त्याची एक फळी घरी आणली. तिच्यावर काळ्या रंगात एक बाण आणि उघडी छत्री छापलेली होती, म्हणजे ही बाजू वर ठेवा आणि पावसात भिजवू नका. ती पुढची बाजू झाली. छत्री आतल्या अंगाला गेली, पण व्हायोलिनच्या भोकातून डोकावलं की अर्धी छत्री दिसायची. मागच्या बाजूला फणसाचं लाकूड हवं होतं. फणसाची एक उत्तम फळी घरातच होती, पण ती आत्यानं नव्या देव्हाऱ्यासाठी राखली होती. अण्णांनी सुताराला गाठून तिचा एक काप उभा चिरून घेतला आणि उरलेली फळी गुपचूप जागेवर ठेवली. देव्हारा झाला तेव्हा आत्या त्यात देव बसवता बसवता म्हणाली, "सुतारानं माप चुकवलंन. देव दाटीत बसलेत." अण्णा म्हणाले, "थंडीचे दिवस हायत आक्का, बसू देत."

बाजूच्या पट्ट्या वाकवायला त्यांनी एका लोखंडी नळीत चुलीतले निखारे भरले. भिजवलेली पट्टी तिच्यावर दाबली की चर्र आवाज व्हायचा आणि भाजलेल्या लाकडाचा वास सुटायचा. पट्ट्या मोडायच्याही. मोडली की अण्णा तिच्याकडे बघून "हां" म्हणायचे, जणू तिनंच काही सांगितलं. पण घरात खरी खळबळ उडवली ती सरसानं. जोड चिकटवायला लागणारा सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला डिंक. त्याच्या वड्या दिसायला अगदी पिवळ्या गुळाच्या खड्यांसारख्या. अण्णांनी त्या एका वाटीत झाकून ठेवल्या होत्या. आत्यानं वाटी उघडली, गूळ पडवीत कुणी ठेवला म्हणून पुटपुटली आणि एक खडा तोंडात टाकला. मी उंबऱ्यावर बसून ताडगोळा सोलत होते. सांगायला मला वेळ होता, पण ताडगोळाही अर्धा सोललेला होता. आत्यानं खडा या गालातून त्या गालात नेला, मग थांबली, मग तिची बत्तिशी आपसात चिकटू लागली. त्या दुपारी आमच्या घरात जेवढी शांतता होती तेवढी त्याआधी किंवा नंतर कधी नव्हती.

संध्याकाळी दात सुटल्यावर तिनं अण्णांना विचारलं, "जगू, काय होतं ते? मेलेलं ढोर काय?"

"पूर्ण नाय आक्का," अण्णा म्हणाले. "थोडंच."

तेव्हापासून सरस शिजवायला पडवीच्याही बाहेर, विहिरीपलीकडे चूल मांडली गेली. वाडीतली सगळी कुत्री तिथे गोल करून बसायची.

एवढं सगळं झालं, पण गज अडला. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, लांब, सरळ आणि जमलं तर पांढरे. आमच्याकडे बैल होते, शेळ्या होत्या, घोडा मात्र कुणाच्या दारी नव्हता. आणि नेमकं तेव्हाच अण्णांच्या कारखान्यातल्या मधूचं लग्न बेटेगावात ठरलं. नवरदेवासाठी पालघरहून पांढरी घोडी येणार होती. अण्णांनी ही बातमी आईला ज्या सुरात सांगितली, तो सूर मला अजून आठवतो. निघताना आईनं माझ्या हातात झेंडूच्या फुलांची टोपली दिली. टोपली जड लागली म्हणून मी फुलं बाजूला केली तर खाली तिची शिवणाची कात्री, रुमालात गुंडाळलेली. "धार लावलीय," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या डोक्यातला गजरा नीट केला.

मांडवाच्या मागे आंब्याखाली घोडी बांधलेली होती. तिचं नाव चमेली आणि तिच्या मालकाला सगळे चाचा म्हणत होते. अण्णांनी आधी सरळ विचारलं. "चाचा, शेपटीचे थोडे केस द्याल काय? पोरीच्या बाजासाठी."

चाचांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शादी का दिन है साब. आज दुम के बाल नहीं काटने का."

अण्णा हिरमुसले. मला ते पाहवलं नाही. मी टोपली पुढे केली आणि विचारलं, "चाचा, मी हिच्या शेपटीची वेणी घालू काय? फुलांची?" चाचा एकदम खूश झाले. म्हणाले, घाल बेटी, दूल्हेसे जादा चमेलीच दिसली पाहिजे. मग अण्णांनी त्यांना घोडीच्या नालांबद्दल विचारलं. बेत असा की चाचांना बोलण्यात गुंतवायचं. पण नाल कसा तापवतात, खिळे कुठल्या कोनात मारतात हे ऐकता ऐकता अण्णाच त्यात इतके बुडाले की मी मागे काय करतेय ते त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. दोघं घोडीच्या पुढच्या पायाशी उकिडवे बसले आणि मी मागच्या पायाशी उभी. चमेली गरीब होती. मी तिच्या शेपटीत कंगवा फिरवला, वरचे केस बाजूला घेतले आणि आतल्या बाजूची एक चांगली जाड बट पकडली. कात्री डाव्या हातात घेतली. पण कात्र्या उजव्या माणसांसाठी केलेल्या असतात. डाव्या हातात ती कापेना, नुसती चावू लागली. मग मी करवतीसारखी घासत घासत ती बट तोडली. चमेलीनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवत खाऊ लागली. बट टोपलीच्या तळाशी, वर फुलं, आणि उरलेल्या केसांची अशी घट्ट वेणी घातली की खालचा कारभार कुणाला दिसू नये.

वरात निघाली. बँड वाजू लागला तसा चमेलीला चेव चढला. चाचांनी तिला नाचायला शिकवलं होतं. ती पाय आपटत शेपटी झोडू लागली आणि फुलांनी जड झालेली ती वेणी चाबकासारखी फिरू लागली. पहिला झेंडू क्लॅरिओनेट वाजवणाऱ्याला लागला, दुसरा नवऱ्याच्या मामांच्या फेट्यात बसला. मांडवाच्या दारात येईपर्यंत वेणी पुरती सुटली आणि शेपटीचं खरं रूप सगळ्या वऱ्हाडापुढे आलं. एका बाजूनं लांब आणि मधे उंदरानं कुरतडल्यासारखं. नवरीकडची एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, घोडीची शेपटी कोनी खाल्ली?" बँड थांबला. चाचा मागे आले, पाहिलं, आणि त्यांची नजर सगळीकडे फिरली. अण्णा आकाशाकडे बघत होते. मी माझ्या टोपलीकडे. सुदैवानं मांडवाच्या खांबाला एक शेळी बांधलेली होती आणि तिच्या तोंडातून झेंडूचं फूल लोंबत होतं, कारण वरातीतून उधळलेली फुलं ती मघापासून वेचून खात होती. चाचा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तिला हिंदीत खूप काही बोलले. शेळी चघळत राहिली.

परतीच्या वाटेवर अण्णांनी सायकल थांबवून टोपली बघितली. केस हातात घेऊन उन्हाकडे धरले. "शोभा," ते म्हणाले, "हे चार गजांना पुरतील." मग बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. पण अण्णांना ते बोचलंही असणार. पुढच्या सुट्टीला ते पालघरला जाऊन चाचांना खरं काय ते सांगून आले आणि त्यांच्या टांग्याचा आस दुरुस्त करून दिला. चाचा म्हणे इतके हसले की घोडी बिचकली.

मग एके दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या घोडी बसवायची." वाद्याच्या तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्यालाही घोडीच म्हणतात. आत्याला ते कुठून ठाऊक असणार. तिनं पातेलं खाली ठेवलं. "जगू, या घरात एक तर घोडी राहील नायतर मी."

व्हायोलिन पुरं झालं. हे वाक्य लिहितानाही मला नवल वाटतं. अण्णांनी खरोखर एक वस्तू पुरी केली होती. काशीबाई बोंबलांची पाटी उतरवून बघायला थांबली, शेजारपाजारची माणसं आली. कॉलनीतून मामींना मुद्दाम बोलावलं होतं. आत्यानं खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या, रागारागानं, पण केल्या होत्या. मामींनी व्हायोलिन मांडीवर घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, भोकातून आतली छत्री बघून हसल्या. मग गज उचलला आणि थांबल्या. व्हायोलिन इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अण्णा," त्या हळूच म्हणाल्या, "ये तो उल्टा झालं."

जाड तार जिथे पाहिजे तिथे बारीक होती आणि बारीकच्या जागी जाड. खुंट्या उलट्या, घोडीचा उतार उलटा. आरशात दिसावं तसं सगळं व्हायोलिन. अण्णांनी घाईनं पडवीतून तो वर्तमानपत्राचा कागद आणला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "कागद पालथा ठेवला गेला," ते म्हणाले. "लाकडावर मागच्या बाजूनं उतरवलं मी."

मामी म्हणाल्या, तारा बदलता येतील, घोडी दुसरी करता येईल. पण पोटातली ती पट्टी जाड तारेखालीच पाहिजे, नाहीतर आवाज उठणार नाही. त्यासाठी पुढची बाजू उघडावी लागेल.

"उघडली तर फुटेल," अण्णा म्हणाले. "खोक्याचं लाकूड हाय ते."

मामींनी गज खाली ठेवला. आत्या तेवढी म्हणाली, "मला ठाऊकच होतं." मला रडू कोसळायच्या बेतात होतं. मी जाऊन मामींच्या मांडीवरून व्हायोलिन उचललं, फक्त जवळ घ्यायला म्हणून. खाली बसले, ते खांद्याशी टेकवलं. ते आपोआप उजव्या खांद्याशी टेकलं, दुसरं टोक डाव्या घोट्यावर. आणि गज डाव्या हातात आला. मी तार ओढली. आवाज थोडा किनरा होता, थरथरता होता, पण तो आवाज होता. मांजर कुठेच नव्हतं.

"डाव्या हातानं?" आत्या म्हणाली. "सरस्वतीचं काम डाव्या हातानं?"

"मग काय करू आक्का?" अण्णांचा चेहरा अगदी पडलेला होता. "बाजाच तसा झाला. आता हा वाजवणार तो डावखुराच पाहिजे. गावात आनखी कोन हाय?"

आत्यानं सगळ्यांकडे पाहिलं. आई खाली बघून वड्यांचं ताट सारखं करत होती. काशीबाई म्हणाली, "मग वाजवू द्या ना पोरीला. फुकट जाईल नायतर." आणि फुकट जाणं ही एकच गोष्ट आत्याला डाव्या हाताहूनही जास्त सोसत नव्हती.

मामींनी मला समोर बसवलं. त्यांनी त्यांचं व्हायोलिन काढलं, मी माझं. "मेरे को देखो," त्या म्हणाल्या. "आईने में देखते वैसा." त्यांचा उजवा हात हलला की माझा डावा. त्यांची बोटं डावीकडे, माझी उजवीकडे. कुठलाही विद्यार्थी गुरूकडे बघून मनातल्या मनात उजव्याचं डावं करत बसतो, मला ते करावंच लागलं नाही. मामी नंतर म्हणायच्या की त्यांच्या सगळ्या शिष्यांत मी सगळ्यात लवकर शिकले, आणि त्याचं कारण माझी हुशारी नव्हे, बसायची जागा.

शाळेचं स्नेहसंमेलन आलं तेव्हा अण्णांनी माझं नाव दिलं. गुरुजी घरी आले. पाहुणे येणार, पंचायतीची माणसं येणार, त्यांच्यापुढे मुलगी डाव्या हातानं वाजवणार हे बरं दिसणार नाही, असं म्हणाले. अण्णा अगदी नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता तसं. फक्त तिला एकदा उजव्यानं कसं वाजवायचं ते दाखवा." आणि व्हायोलिन त्यांच्या हातात दिलं. गुरुजींना भजनात पेटी वाजवायची सवय होती, त्यामुळे आपल्याला वाद्यं कळतात असा त्यांचा समज होता. त्यांनी ते डाव्या खांद्यावर ठेवलं, उजव्या हातानं गज ओढला. विहिरीपलीकडची कुत्री भुंकू लागली. त्यांनी पुन्हा ओढला. आत्या आतून म्हणाली, "जगू, रहाटाला तेल घाल रे." गुरुजींनी व्हायोलिन जपून खाली ठेवलं, चहा घेतला आणि जाताना माझं नाव कुठल्या क्रमावर घालायचं ते विचारून गेले.

संमेलनाच्या दिवशी मांडवात गर्दी होती. मी बसले, वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला एक खुंटी सटकली. तार सैल होऊन गुणगुणली. पोरं हसली. मी खुंटी पिळून पुन्हा तार जुळवली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सटकली. पहिल्या रांगेतले पाहुणे घड्याळाकडे बघू लागले.  समोर अण्णा बसले होते, त्यांच्या कपाळावर घाम, आणि मला कळलं की आता मी उठले तर अण्णांची ही वस्तूही अर्धवट वस्तूंतच जाऊन बसेल. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "घाई नाय पोरी. आमी बसलोय." तो काशीबाईचा असेल असं मला वाटलं. मान वर केली तर ती नमूआत्या होती, पदर खोचून, अशी बसलेली की जो उठेल त्याला तीच बघून घेईल. मी खुंटीला थुंकी लावली, दाबून बसवली आणि वाजवलं. शेवटपर्यंत वाजवलं. फार सुरेख झालं असं नाही. मधे एक जागा चुकली ती मला आजही ऐकू येते. पण आत्यानं टाळ्या वाजवल्या त्या दोन्ही हातांनी, आणि घरी आल्यावर तिनं तह जाहीर केला. वाजवायला डावा, लिहायला कुठलाही, जेवायला मात्र उजवा. तो तह तिच्या हयातीत मी पाळला.

अण्णांना मी पुढे कितीदा तरी विचारलं की कागद खरंच चुकून पालथा पडला होता का. दर वेळी तेच उत्तर. "माणूस चुकतो शोभा. मी काय कारागीर हाय?" यंत्राचा एक खिळा उलटा बसला तर आवाजावरून ओळखणारा हा माणूस इतके महिने काम करताना जाड तार कुठल्या बाजूला जातेय हे बघायला विसरला, यावर मी लहान होते तोवर विश्वास ठेवला.

माझं लग्न झाल्यावर अण्णांनी दुसरं व्हायोलिन करायला घेतलं, मधूच्या मुलासाठी. मी माहेरपणाला गेले होते तेव्हा ते नुकतंच पुरं झालं होतं. मी ते मांडीवर घेतलं. खुंट्या बघितल्या, तारा बघितल्या, भोकातून डोकावून पोटातली पट्टी बघितली. सगळं जिथल्या तिथे, सरळ, पहिल्याच खेपेला. सवयीनं मी ते उजव्या खांद्याशी लावलं, डाव्या हातानं गज ओढला आणि मांजर ओरडलं. मी अण्णांकडे बघितलं. ते आईला विचारत होते की आज चहात आलं जास्त पडलंय काय.